ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये नामशेष प्राणी कसे आणावेत: मॅमथ, खड्गदंती आणि इतर

टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या बंधूंचा ड्वार्फ फोर्ट्रेस हा ड्वार्फांचा, म्हणजे बुटक्यांचा, किल्ला वसवण्याचा संगणकीय खेळ २००६ साली प्रथम खुला झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये चित्रांसह स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानात आला. या खेळातला जवळजवळ प्रत्येक सजीव साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये लिहिलेला आहे. हत्तीचे वजन किती, त्याला सोंड आहे की नाही, तो कोणत्या प्रदेशात फिरतो, त्याचे पिल्लू किती वर्षांनी पूर्ण वाढते, हे सारे त्या फाइली उघडून वाचता येते. त्यामुळे नवा प्राणी जगात आणण्यासाठी प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. गरज आहे ती चिकाटीची, आणि जो प्राणी आणायचा आहे त्याच्याविषयी जीवाश्मांवरून काय कळले आहे हे वाचण्याची.

मी या कामाकडे एका विशिष्ट दृष्टीने पाहतो आणि पुढची सर्व मांडणी त्याच दृष्टीने केली आहे. प्राण्याच्या फाइलीतील प्रत्येक ओळ म्हणजे त्या प्राण्याविषयी केलेले एक विधान असते. सिंहाची फाइल घेऊन आकडे दुप्पट केले आणि नाव बदलले, तर मिळतो तो मोठा सिंह. खड्गदंती मिळत नाही. खेळ शरीराचा इतका बारीक हिशेब ठेवतो, त्वचा, चरबी, स्नायू आणि हाड वेगवेगळे मोजतो, की खरा फरक लिहिला तर तो खेळताना खरोखर जाणवतो.

या लेखात फाइलीतील आज्ञा, म्हणजे टोकन, देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ती रोमन मोठ्या अक्षरांत, चौकोनी कंसात लिहायची असतात, दोन शब्दांमध्ये खालची रेघ द्यायची असते आणि आकडेही इंग्रजी (0 ते 9) वापरायचे असतात. खेळाला देवनागरी अक्षरे दाखवता येत नाहीत, त्यामुळे प्राण्याचे नाव आणि वर्णन रोमनमध्येच लिहावे लागते.

फोल्डरची मांडणी

खेळाच्या 'मॉड्स' फोल्डरमध्ये आपल्या मॉडसाठी, म्हणजे खेळात आपण घातलेल्या भरीसाठी, एक फोल्डर करावे. त्यात 'इन्फो' नावाची मजकूर फाइल असावी आणि तीत मॉडचा आयडी, आवृत्तीचा क्रमांक, ज्या जुन्या आवृत्तीपर्यंत मॉड सुसंगत आहे तिचा क्रमांक, कर्त्याचे नाव, मॉडचे नाव आणि वर्णन द्यावे. प्राण्यांच्या फाइली 'ऑब्जेक्ट्स' या उपफोल्डरमध्ये आणि चित्रे 'ग्राफिक्स' या उपफोल्डरमध्ये ठेवावीत. प्राण्याच्या फाइलीचे नाव 'क्रिएचर' या शब्दाने सुरू व्हावे, पहिल्या ओळीत फाइलीचे स्वतःचे नाव यावे, आणि त्यानंतर ही फाइल प्राण्यांची आहे हे सांगणारे 'ऑब्जेक्ट : क्रिएचर' हे टोकन यावे. मूळ खेळाच्या फाइली 'डेटा' फोल्डरातील 'व्हॅनिला' या भागात मिळतात. त्या बदलू नयेत, फक्त वाचाव्यात आणि त्यांतून नमुने घ्यावेत.

प्राण्याचा आयडी इतर कोणत्याही मॉडमध्ये आढळणार नाही असा निवडावा. नुसते 'मॅमथ' असे लिहिले आणि दुसऱ्या मॉडनेही तेच लिहिले, तर एकाच आयडीच्या दोन व्याख्या जगात येतात आणि त्यातून होणारा गोंधळ शोधून काढणे फार अवघड जाते. आयडीच्या आधी मॉडची दोन-तीन अक्षरे जोडली की हा धोका टळतो.

आणखी एक सोय सुरुवातीलाच सांगण्यासारखी आहे. चौकोनी कंसांबाहेर जे काही लिहिले जाते त्याकडे खेळ दुर्लक्ष करतो. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या आकड्याशेजारी तो आकडा कशावरून घेतला याची नोंद करून ठेवावी, मात्र त्या नोंदीत चौकोनी कंस येऊ देऊ नये. सहा महिन्यांनी फाइल पुन्हा उघडल्यावर वजनाचा आकडा अंदाजाने लिहिला होता की वाचून, हे आठवत नाही. नोंद असली की शंका राहत नाही.

मॅमथ: वजन, लोकर आणि गवत

पहिला प्राणी म्हणून मी केसाळ मॅमथ सुचवतो, कारण त्याच्याविषयी आपल्याला केवळ हाडांवरून नव्हे तर गोठलेल्या मृतदेहांवरूनही माहिती मिळालेली आहे. २००७ साली सायबेरियातील यामाल द्वीपकल्पावर सापडलेले ल्युबा नावाचे पिल्लू जेमतेम महिनाभराचे होते आणि त्याची कातडी व आतले अवयवही टिकून राहिले होते. शिवाय मूळ खेळात हत्ती आहे, त्यामुळे सोंड, सुळे आणि हस्तिदंत यांची मांडणी नव्याने करावी लागत नाही.

यासाठी 'कॉपी टॅग्ज फ्रॉम' हे टोकन वापरता येते. ते प्राण्याच्या आयडीनंतर लगेच लिहिले की हत्तीची सगळी व्याख्या आपल्या प्राण्यात उतरते. पण येथेच बहुतेकांची पहिली चूक होते. प्रदेश सांगणारी 'बायोम' टोकने एकमेकांची जागा घेत नाहीत, ती एकमेकांत मिळवली जातात. हत्तीची नक्कल करून खाली फक्त 'टुंड्रा' लिहिले, तर मॅमथ टुंड्रावरही फिरतो आणि हत्तीच्या उष्ण प्रदेशातही. म्हणून आधी 'सीव्ही रिमूव्ह टॅग' वापरून 'बायोम' आणि 'बॉडी साइझ' ही दोन्ही टोकने काढून टाकावीत, 'अप्लाय करंट क्रिएचर व्हेरिएशन' लिहून तो बदल लागू करावा आणि मगच आपल्या ओळी लिहाव्यात. पुढच्या एखाद्या आवृत्तीत खेळाच्या कर्त्यांनी हत्ती बदलला तर नक्कल केलेला मॅमथही बदलेल, हे लक्षात ठेवावे. ज्यांना हे नको असेल त्यांनी हत्तीचा सगळा मजकूर उतरवून घेऊन स्वतंत्र व्याख्या करावी. मी आता तसेच करतो.

आकार घनसेंटिमीटरमध्ये लिहिला जातो. शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असते, त्यामुळे एक घनसेंटिमीटर म्हणजे साधारण एक ग्रॅम असे धरले की हिशेब सोपा होतो. खेळातील प्रौढ ड्वार्फ ६०,००० घनसेंटिमीटरचा आणि हत्ती ५०,००,००० चा आहे. मोठ्या नर मॅमथचे वजन सुमारे ६ टन मानले जाते, म्हणून त्याचा आकार ६०,००,००० लिहावा. ओळी अशा होतात:

[बॉडी_साइझ:०:०:१०००००]
[बॉडी_साइझ:५:०:२००००००]
[बॉडी_साइझ:१५:०:६००००००]

पहिला आकडा वयाच्या वर्षांचा, दुसरा दिवसांचा आणि तिसरा आकाराचा आहे. खेळातील वर्ष ३३६ दिवसांचे असते, म्हणजे २८ दिवसांचे १२ महिने. नवजात पिल्लाचे वजन मी आजच्या हत्तीच्या पिल्लाप्रमाणे १०० किलोच्या आसपास धरले आहे. वाढीचे मधले टप्पे हा माझा अंदाज आहे आणि फाइलीतही मी तशी नोंद केली आहे. मादी नरापेक्षा लहान होती, त्यामुळे दोघांचा आकार वेगळा द्यायचा असेल तर आकाराची टोकने नर आणि मादी यांच्या स्वतंत्र भागांत लिहावी लागतात.

नर आणि मादी म्हणजे 'कास्ट'. हा भाग विसरू नये. माझ्या पहिल्या प्राण्यात मी तो लिहिलाच नव्हता. प्राणी जगात आला, माणसाळला, वर्षानुवर्षे कुरणात चरला, पण पिल्ले मात्र कधी झाली नाहीत, आणि कारण शोधण्यात माझे दोन दिवस गेले. दोन्ही कास्ट लिहून झाल्यावर पुढच्या सामाईक ओळींआधी 'सिलेक्ट कास्ट : ऑल' लिहावे, नाहीतर त्या ओळी फक्त शेवटच्या कास्टला लागू होतात.

आता लोकर. मॅमथच्या बाह्य केसांची लांबी काही ठिकाणी मीटरभर होती, त्याखाली दाट मऊ केसांचा थर होता आणि त्वचेखाली जाड चरबी होती. खेळात मेंढी, लामा आणि अल्पाका यांची लोकर कातरता येते, म्हणून त्यांपैकी एकाच्या फाइलीतील केसांच्या थराची आणि 'शिअरेबल टिश्यू लेयर' ची मांडणी पाहून ती मॅमथला द्यावी. माझ्या मते या मॉडचा सर्वांत सुंदर परिणाम हाच आहे. मॅमथची लोकर कातून सूत काढणारा किल्ला म्हणजे खेळाच्या अर्थव्यवस्थेत त्या प्राण्याला मिळालेली खरी जागा होय.

चाऱ्याचा विचार मात्र जपून करावा लागतो. खेळात माणसाळलेल्या चरणाऱ्या प्राण्यांना गवत लागते आणि ते मिळाले नाही तर ते मरतात. मांसाहारी प्राण्यांना किल्ल्यात खायला घालावे लागत नाही. फार मोठ्या प्राण्याला चरण्याचा वेग पुरत नसे, त्यामुळे खेळाच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये हत्ती गवतात उभे राहूनही उपाशी मरत. आता 'स्टँडर्ड ग्रेझर' हे टोकन प्राण्याच्या आकारावरून चाऱ्याची गरज स्वतः ठरवते. तेच वापरावे, स्वतःचा आकडा लिहू नये.

प्रदेश निवडताना बर्फाचा मोह टाळावा. चित्रांमध्ये मॅमथ हिमनदीवर उभा दिसतो, पण तो गवत खाणारा प्राणी होता आणि हिमयुगातील विस्तीर्ण, थंड, कोरड्या गवताळ प्रदेशात राहत होता. खेळातील 'ग्लेशियर' या प्रदेशात गवत उगवत नाही. मी त्याला टुंड्रा, तैगा आणि समशीतोष्ण गवताळ प्रदेश असे तीन बायोम दिले आहेत.

खड्गदंती: हल्ल्याची रचना

स्मिलोडॉन हा खड्गदंती, म्हणजे तलवारीसारख्या लांब सुळ्यांचा मांजरकुळातील प्राणी, दोन्ही अमेरिका खंडांत राहत होता आणि सुमारे १०,००० वर्षांपूर्वी नामशेष झाला. लॉस एंजेलिसमधील ला ब्रेआ येथील डांबराच्या कुंडांतून त्याची हाडे फार मोठ्या संख्येने मिळाली आहेत. दक्षिण अमेरिकेतील स्मिलोडॉन पॉप्युलेटर ही सर्वांत मोठी जात २२० ते ४०० किलोंची होती आणि तिच्या वरच्या सुळ्यांची लांबी २८ सेंटिमीटरपर्यंत भरत असे. मी आकार ३,००,००० ठेवला आहे.

या प्राण्याची गंमत वजनात नाही. त्याचे सुळे लांब होते तसेच चपटे आणि तुलनेने नाजूकही होते, जबड्याचा जोर आजच्या सिंहापेक्षा बराच कमी होता आणि पुढचे पाय मात्र विलक्षण मजबूत होते. यावरून संशोधक असे मानतात की तो भक्ष्य आधी पुढच्या पायांनी दाबून धरत असावा आणि मग मऊ भागावर सुळे रोवत असावा. खेळात 'आधी दाबा, मग चावा' असा क्रम सक्तीने लिहिता येत नाही, पण हल्ल्यांच्या आकड्यांमधून त्याच्या बरेच जवळ जाता येते.

त्यासाठी सुळे हा स्वतंत्र अवयव करावा. 'बॉडी' प्रकारची एक वेगळी फाइल करून तीत डावा आणि उजवा असे दोन अवयव लिहावेत, ते डोक्याला जोडावेत आणि त्यांना स्वतःचा 'कॅटेगरी' शब्द द्यावा. हत्तीच्या सुळ्यांची मूळ व्याख्या समोर ठेवली तर हे काम तासाभरात होते. अवयव कोणत्या ऊतीचा आहे हे सांगायला विसरू नये. ऊती न दिलेला अवयव शरीरात नुसता नावापुरता राहतो आणि त्याने केलेल्या हल्ल्याला अर्थ राहत नाही.

यानंतर तीन हल्ले लिहावेत. पंजाचा हल्ला 'मेन' प्राधान्याचा असावा. सुळ्यांचा हल्ला दुय्यम ठेवून त्याला धार असल्याचे 'एज' टोकन, लहान संपर्कक्षेत्र आणि मोठी भेदनक्षमता द्यावी, म्हणजे घाव अरुंद पण खोल होतो. तयारी आणि सावरण्याचा वेळ बहुतेक हल्ल्यांना तीन-तीन असतो, तो सुळ्यांसाठी वाढवावा, म्हणजे हा हल्ला क्वचित पण घातक ठरतो. तिसरा, इतर दातांचा साधा चावा दुर्बल ठेवावा. चावा पकडून ठेवणारे 'कॅन लॅच' हे टोकन लांडग्याला शोभते. खड्गदंतीच्या सुळ्यांना मी ते मुद्दाम दिलेले नाही, कारण सुळे रोवलेल्या स्थितीत भक्ष्य झटापट करू लागले तर ते मोडण्याचा धोका होता.

तो कळपाने राहत होता की एकटा, यावर एकमत नाही. 'क्लस्टर नंबर' मध्ये मी एक ते तीन लिहिले आहे.

डायनोसॉर आणि चिलखती प्राणी

दोन पायांवर चालणारे डायनोसॉर करताना माणसाच्या शरीराचा साचा घेऊ नये. खेळात शहामृग, इमू आणि कॅसोवरी आहेत. त्यांपैकी एकाचे शरीर घेऊन त्यात लांब शेपटी, दात आणि पुढचे हात जोडणे अधिक योग्य ठरते, आणि पक्षी हे डायनोसॉरांचेच वंशज असल्यामुळे ते शास्त्रालाही धरून आहे. व्हेलोसिरॅप्टर करणाऱ्यांनी दोन गोष्टी कृपया पाळाव्यात. तो १५ ते २० किलोंचा, म्हणजे खेळातील ड्वार्फपेक्षा बराच लहान प्राणी होता; आणि त्याला पिसे होती, कारण २००७ साली त्याच्या पुढच्या पायाच्या हाडावर पिसांची मुळे जिथे रुजतात तसे उंचवटे सापडले. खेळात पिसांची ऊती तयार आहे, त्यामुळे त्याला उघडी खवल्यांची कातडी देण्याचे काहीच कारण उरत नाही.

टायरॅनोसॉरस रेक्सचा आकार ८०,००,००० च्या आसपास ठेवावा. त्याचा सगळा जोर चाव्यात असावा आणि चाव्याला 'कॅन लॅच' अवश्य द्यावे. वेग सांगणाऱ्या 'गेट्स' च्या आकड्यांमध्ये लहान आकडा म्हणजे जास्त वेग, हे लक्षात घ्यावे, आणि त्याला घोड्याचा वेग देऊ नये. एवढ्या वजनाच्या हाडांवर पडणारा ताण पाहता तो भरधाव धावणारा प्राणी नव्हता. अंड्यांसाठी मादीच्या कास्टमध्ये 'लेज एग्ज', अंड्याचा आकार आणि एका वेळच्या अंड्यांची संख्या लिहावी. ही संख्या मोठी ठेवली तर किल्ल्यात पिल्लांची इतकी गर्दी होते की खेळाचा वेग मंदावतो, म्हणून सुरुवातीला दोन-तीनच ठेवावी.

ग्लिप्टोडॉन या नामशेष चिलखती सस्तन प्राण्याच्या पाठीवरचे कवच हजाराहून अधिक हाडांच्या तुकड्यांनी बनलेले होते. त्याच्यासाठी पाठीच्या बाहेरच्या थरात कवचाची किंवा हाडाची ऊती घालावी; पोट मात्र मऊच ठेवावे. गुहांसाठी मला आर्थ्रोप्ल्युरा विशेष आवडतो. कार्बोनिफेरस काळातील (सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा) हा सहस्रपादांचा नातेवाईक अडीच मीटरपर्यंत वाढत असे. त्याला हाडे नाहीत, म्हणून पृष्ठवंशी प्राण्यांच्या ऊतींऐवजी कायटिनच्या बाह्यकवचाची मांडणी द्यावी लागते. खरा आर्थ्रोप्ल्युरा गुहेत राहत नव्हता, त्यामुळे त्याला भूमिगत प्रदेश देणे ही घेतलेली मोकळीक आहे आणि वर्णनात ती स्पष्ट लिहावी असे मला वाटते. टायटनोबोआला मात्र अशी मोकळीक लागत नाही. कोलंबियातील सेरेहोन येथील कोळशाच्या खाणीत सापडलेल्या जीवाश्मांवरून २००९ मध्ये वर्णिलेला हा सुमारे १३ मीटरचा साप उष्ण दलदलीत राहत होता, आणि उष्ण कटिबंधातील दलदल खेळात आहेच.

मॅमथ आणि टायरॅनोसॉरस यांच्यामध्ये साडेसहा कोटी वर्षांचे अंतर आहे. काल्पनिक जगात ते एकत्र आले तर बिघडत नाही, तरीही मी डायनोसॉरांना 'सॅव्हेज' हे टोकन देतो, म्हणजे ते फक्त जगातील रानटी भागांतच आढळतात आणि हिमयुगातील प्राण्यांपासून बहुतांशी वेगळे राहतात.

चित्र, चाचणी आणि संख्या

चित्राविना प्राणी चालतो, तो अक्षराने दाखवला जातो. चित्र हवे असल्यास ३२ गुणिले ३२ पिक्सेलचे चौकट धरून पीएनजी फाइल करावी, एका फाइलीत 'टाइल पेज' ची नोंद करावी आणि दुसऱ्या फाइलीत ती आपल्या आयडीला जोडावी. मॅमथसारख्या प्राण्याला 'लार्ज इमेज' वापरून एकापेक्षा जास्त चौकटी देता येतात, आणि त्या द्याव्यात. एका चौकटीतला मॅमथ मेंढीशेजारी उभा राहिला की वजनाचे सारे काम वाया गेल्यासारखे दिसते.

मॉड जग निर्माण करतानाच निवडावा लागतो. चालू असलेल्या जगात नवा प्राणी नंतर घालता येत नाही. जग तयार झाल्यावर सर्वप्रथम खेळाच्या मुख्य फोल्डरमधील 'एररलॉग' ही फाइल उघडावी. न ओळखलेले टोकन, न सापडलेला अवयव किंवा चुकलेली ऊती यांची नोंद बहुधा तेथे मिळते. ती फाइल स्वच्छ दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये. अरीना नावाच्या चाचणीच्या आखाड्यात दोन प्राणी समोरासमोर आणून झुंजीचा तपशील ओळीओळीने वाचावा. खड्गदंतीचा सुळा चरबी भेदून स्नायूपर्यंत पोहोचतो का, मॅमथचा पाय पडल्यावर हाड मोडते का, हे तेथे कळते आणि आकडे त्यानुसार सुधारता येतात.

प्रत्येक प्रदेशात प्रत्येक प्राणी येत नाही. खेळ उपलब्ध प्राण्यांमधून निवड करतो आणि 'फ्रीक्वेन्सी' चा आकडा त्या निवडीची शक्यता ठरवतो. हा आकडा न लिहिल्यास ५० धरला जातो. चाचणीपुरता तो १०० करावा आणि मॉड इतरांना देण्याआधी खाली आणावा.

'पॉप्युलेशन नंबर' हा एका प्रदेशात किती प्राणी आहेत ते सांगतो, आणि या आकड्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे. किल्ल्याच्या परिसरातील रानटी प्राणी मारत गेले की त्यांची संख्या घटते आणि ती संपली की ते पुन्हा येत नाहीत. खऱ्या जगात मॅमथ मुख्य भूमीवरून नाहीसे झाल्यानंतरही आर्क्टिक महासागरातील रँगल बेटावर एक लहानसा समूह सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत टिकून होता. मी मॅमथची संख्या दहा ते वीस ठेवली आहे. त्यामुळे एखाद्या खेळाडूने दोन पिल्ले पकडून, माणसाळवून, त्यांचा कळप वाढवायचा की मांस आणि हस्तिदंतासाठी सगळे मारायचे, हा निर्णय त्याच्या हातात येतो आणि त्याचा परिणाम त्याला दिसतो. माणसाळवता यावे यासाठी 'पेट एक्झॉटिक' लिहावे. युद्धासाठी शिकवता यावे असे वाटत असेल तर 'ट्रेनेबल वॉर' जोडावे. मॅमथला मी ते जोडले आहे, खड्गदंतीला नाही.

मॉडमध्ये दुरुस्ती केली की 'इन्फो' फाइलीतील आवृत्तीचा क्रमांक दर वेळी वाढवावा. आधी तयार झालेली जगे ज्या आवृत्तीवर बनली तिच्यावरच चालत राहतात, म्हणून जुनी आवृत्ती पुसून टाकू नये. मॅमथचे सुधारलेले वजन, नवे बायोम किंवा बदललेले सुळे पाहायचे असतील तर नवे जग निर्माण करावे लागते.